चकतीपुढची रांग

'संगणक फार हळू चालतो' ही तक्रार शाळेच्या कार्यालयापासून कारखान्याच्या स्टोअरपर्यंत सगळीकडे ऐकू येते. तिच्यावरचे उपायही ठरलेले असतात. कुणी म्हणतो प्रोसेसर जुना झाला, कुणी म्हणतो मेमरी वाढवा, कुणी नवा संगणकच घ्यायला सांगतो. हे सगळे सल्ले पैसे खर्च करायला लावणारे आहेत. त्याआधी विचारायला हवा असा एक साधा प्रश्न मात्र बहुधा राहून जातो: संगणक थांबला आहे तो नेमका कशासाठी?

पुष्कळदा उत्तर असे असते की तो आपल्या डिस्कची वाट पाहत थांबला आहे. ही वाट पाहणे मोजता येते. त्यासाठी वेगळे उपकरण लागत नाही, आणि मागचे गणित आठवी-नववीच्या विद्यार्थ्यालाही समजण्याजोगे आहे. म्हणूनच हा विषय वर्गात नेण्यासारखा आहे.

भरलेली गाडी आणि न निघणारे बिल

विलंबाचे महत्त्व कळायला पिंपरी-चिंचवड आणि चाकणसारखी जागा दुसरी नाही. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही कंपनी स्थापन झाली. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले आणि पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी हा पट्टा कारखान्यांनी भरत गेला. पुढे तो नाशिक रस्त्याने चाकणपर्यंत पोहोचला. वाहनांचे मोठे कारखाने आणि त्यांना सुटे भाग पुरवणारी शेकडो लहान वर्कशॉप, अशी या भागाची रचना आहे.

मोठे कारखाने भागांचा फार साठा करून ठेवत नाहीत. जुळणीच्या पट्ट्याला लागेल तसा माल दिवसातून अनेकदा येत राहतो. समजा, भोसरीतल्या एका वर्कशॉपमधून ब्रॅकेटच्या दोनशे पेट्या चाकणला जायच्या आहेत. गाडी भरून उभी आहे. बिल निघाल्याशिवाय ती फाटकाबाहेर पडू शकत नाही, आणि ठरावीक मर्यादेहून अधिक किमतीच्या मालासाठी २०१८ पासून ई-वे बिलही लागते. पाळी बदलायच्या सुमारास नेमका बिलाचा पडदा गोठतो. कारकून कळ दाबून बसला आहे, चालक खाली उभा आहे, आणि चाकणला जुळणीचा पट्टा चालूच आहे. इथे संगणकाच्या काही सेकंदांना रुपयांत किंमत असते. मालकाने घाईघाईने नवा प्रोसेसर घेतला आणि दुखणे डिस्कचे निघाले, तर पैसेही जातात आणि पडदा गोठायचाही थांबत नाही.

चकती फिरते म्हणजे काय होते?

हार्ड डिस्क हे खरे पाहता एक छोटे यंत्र आहे. वर्कशॉपमधल्या सीएनसी यंत्राप्रमाणे तिलाही स्पिंडल असतो. त्यावर चुंबकीय लेप दिलेल्या चकत्या फिरतात. चकतीवर एकात एक वर्तुळाकार मार्ग असतात आणि माहिती या मार्गांवर लिहिलेली असते. एका हलत्या हाताच्या टोकाला वाचण्या-लिहिण्याचे हेड असते. मागितलेली माहिती मिळवायची तर दोन गोष्टी व्हाव्या लागतात. आधी हाताने हेड योग्य मार्गावर न्यायला हवे. मग माहितीचा तो तुकडा फिरत फिरत हेडखाली यायला हवा.

आता हिशेब करू. टेबलावरच्या संगणकातली डिस्क बहुधा मिनिटाला ७२०० फेरे करते, म्हणजे सेकंदाला १२०. एका फेऱ्याला ८.३३ मिलिसेकंद लागतात. (एक मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग.) हवा तो तुकडा कधी हेडच्या अगदी जवळ असेल, कधी नुकताच निघून गेलेला असेल. सरासरी अर्धा फेरा थांबावे लागेल, म्हणजे सुमारे ४.१७ मिलिसेकंद. हेडच्या प्रवासाला सरासरी आठ-नऊ मिलिसेकंद धरा. एकूण झाले साडेबारा-तेरा मिलिसेकंद. याचाच अर्थ, विखुरलेल्या जागांवरचे तुकडे मागितले तर अशी डिस्क सेकंदाला पंचाहत्तर ते ऐंशी मागण्याच पुऱ्या करू शकते.

साडेबारा मिलिसेकंद म्हणजे डोळ्याची पापणीही लवत नाही. पण प्रोसेसरच्या दृष्टीने पाहा. त्याचे घड्याळ सेकंदाला तीन अब्ज ठोके देत असेल, तर साडेबारा मिलिसेकंदांत पावणेचार कोटी ठोके पडतात. प्रोसेसरचा एक ठोका म्हणजे आपला एक सेकंद असे मानले, तर डिस्ककडून एक तुकडा येईपर्यंत त्याला ४३४ दिवस, म्हणजे एक वर्ष आणि दोन महिन्यांहून अधिक काळ वाट पाहावी लागते. प्रोसेसर तेवढ्यात दुसरी कामे करतो हे खरे. पण ज्या बिलासाठी तो तुकडा हवा आहे ते बिल तेवढा काळ अडून राहते.

हा फरक काळाबरोबर कमी झाला नाही, उलट वाढला. आयबीएमने १९५६ साली आणलेल्या पहिल्या डिस्कमध्ये २४ इंच व्यासाच्या ५० चकत्या होत्या. तिच्यात सुमारे ५० लाख अक्षरे मावत आणि एक नोंद शोधायला सरासरी सहा-दशांश सेकंद लागे. आज २० लाख कोटी अक्षरे मावणाऱ्या डिस्क मिळतात. धारणक्षमता ४० लाख पटींनी वाढली. शोधण्याचा वेळ मात्र ६०० मिलिसेकंदांवरून साडेबारावर आला, म्हणजे जेमतेम पन्नास पट सुधारला. हात हलायला आणि चकती फिरायला वेळ लागणारच. धातूच्या वस्तू इलेक्ट्रॉनांच्या वेगाने हलत नाहीत.

तीच डिस्क सलग लिहिलेली एक मोठी फाइल सेकंदाला दीडशे मेगाबाइट वेगाने वाचू शकते, कारण हेड एकदा जागेवर गेले की ते हलवावे लागत नाही. पण चार-चार किलोबाइटचे विखुरलेले तुकडे मागितले तर सेकंदाला ऐंशी तुकडे, म्हणजे फक्त ३२० किलोबाइट हाती लागतात. डिस्क एकच, फरक साडेचारशे पटींहून अधिक. म्हणून खोक्यावर छापलेला 'सेकंदाला इतके मेगाबाइट' हा आकडा बिलाच्या कामाबद्दल फारसे काही सांगत नाही. बिल करताना ग्राहकाची नोंद एकीकडून, दर दुसरीकडून, साठा तिसरीकडून असे विखुरलेले तुकडेच मागितले जातात.

काम थोडे, वाट पाहणे फार

आतापर्यंत आपण एका मागणीचा विचार केला. प्रत्यक्षात डिस्कपुढे एकाच वेळी अनेक मागण्या येतात. बिल चालू आहे, विषाणुरोधक प्रणाली फायली तपासते आहे, सुरक्षा-कॅमेऱ्याचे चित्रण लिहिले जात आहे, आणि कुणीतरी नकला काढायचे कामही नेमके याच वेळी लावून ठेवले आहे. मागण्यांची रांग लागते.

रांगांचे गणित दूरध्वनीच्या जोडण्यांमुळे जन्माला आले. कोपनहेगनच्या दूरध्वनी कंपनीतल्या अ‍ॅग्नर एर्लांग यांनी १९०९ साली त्यावरचा पहिला लेख लिहिला. त्या गणितातून निघणारा एक निष्कर्ष पहिल्यांदा ऐकणाऱ्याला खरा वाटत नाही. मागण्या अनियमितपणे येत असतील आणि प्रत्येकीला लागणारा वेळही कमी-जास्त असेल, तर एका मागणीला एकूण लागणारा सरासरी वेळ साधारण असा येतो:

प्रतिसाद-काळ = कामाचा वेळ ÷ (१ – व्यग्रता)

व्यग्रता म्हणजे डिस्क एकूण वेळापैकी किती भाग कामात गुंतली आहे ते प्रमाण. कामाचा वेळ सोयीसाठी १० मिलिसेकंद धरू. मग:

व्यग्रता ५० टक्के : प्रतिसाद-काळ २० मिलिसेकंद
व्यग्रता ८० टक्के : ५० मिलिसेकंद
व्यग्रता ९० टक्के : १०० मिलिसेकंद
व्यग्रता ९५ टक्के : २०० मिलिसेकंद

शेवटच्या ओळीतल्या २०० मिलिसेकंदांपैकी प्रत्यक्ष काम १० मिलिसेकंदांचेच आहे. उरलेले १९० रांगेत गेले. आणि ९० वरून ९५ टक्क्यांवर जाताना काम किंचितच वाढले, पण वेळ दुप्पट झाला. 'काल तर ठीक चालत होते, आज एवढे काय झाले?' या नेहमीच्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. चाकणच्या तळेगाव चौकातून जाणाऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. रस्ता जवळजवळ भरलेला असताना दहा-वीस ट्रक जास्त आले तरी मागची रांग भलतीच लांबते.

हे फाशांवर अनुभवता येते. वर्गात एक लाल आणि एक निळा फासा घ्या. निळा फासा म्हणजे जावक, लाल म्हणजे आवक. प्रत्येक फेरीत आधी निळा टाका. रांगेत कुणी असेल आणि १, २ किंवा ३ पडले तर रांगेतला पहिला विद्यार्थी बाहेर जाईल. मग लाल टाका. पहिल्या खेळात लालवर फक्त १ पडल्यास एक नवा विद्यार्थी रांगेत येईल, दुसऱ्या खेळात १ किंवा २ पडल्यास, तिसऱ्यात १, २ किंवा ३ पडल्यास. रांगेत येणाऱ्याने आपण किती फेऱ्या थांबलो ते मोजायचे. एका खेळाच्या किमान दोनशे फेऱ्या करा, म्हणजे सरासरीला अर्थ येईल.

पहिल्या खेळात व्यग्रता एक-तृतीयांश आहे आणि गणिताने सरासरी थांबणे अडीच फेऱ्या येते. दुसऱ्यात व्यग्रता दोन-तृतीयांश होते आणि थांबणे चार फेऱ्या. यांपैकी दोन फेऱ्या 'कामाच्या' आहेत, कारण निळ्या फाशावर बाहेर जाण्याची संधी निम्म्या वेळाच येते. म्हणजे निव्वळ रांगेतले थांबणे अर्ध्या फेरीवरून दोन फेऱ्यांवर गेले. आवक दुप्पट झाली, पण थांबणे चौपट झाले. तिसऱ्या खेळात आवक आणि जावक अगदी बरोबरीची आहेत. विद्यार्थी म्हणतील, मग रांग स्थिर राहायला हवी. खेळून पाहू द्या. रांग मधूनच लांबते, लवकर परतत नाही, आणि खेळ जितका लांबवाल तितकी सरासरीने वाढतच जाते.

वह्यांचा ढीग आणि लिटल यांचा नियम

डिस्कवर नजर ठेवायची तर तीन आकडे पाहावे लागतात: सेकंदाला किती मागण्या पुऱ्या होतात, एका वेळी सरासरी किती मागण्या अडकून आहेत, आणि एका मागणीला किती वेळ लागतो. हे तीन आकडे एका साध्या नियमाने बांधलेले आहेत. जॉन लिटल यांनी १९६१ साली त्याची सिद्धता दिली.

अडकलेल्या मागण्या = दर सेकंदाच्या मागण्या × प्रतिसाद-काळ

शिक्षकांना हा नियम टेबलावरच दिसतो. रोज ३० वह्या तपासायला येत असतील आणि एक वही दोन दिवसांनी परत जात असेल, तर टेबलावर सरासरी ६० वह्यांचा ढीग असणारच. वह्या कोणत्या क्रमाने तपासल्या, काही वह्यांना जास्त वेळ लागला का, याने नियमाला बाधा येत नाही. डिस्कचेही तसेच. सेकंदाला ८० मागण्या पुऱ्या होत असतील आणि प्रत्येकीला सरासरी ५० मिलिसेकंद लागत असतील, तर ८० × ०.०५ म्हणजे चार मागण्या कायम अडकलेल्या दिसतील. पडद्यावरच्या तीन आकड्यांचा असा मेळ बसतो का हे विद्यार्थ्यांना तपासायला सांगावे. मोजमापावर विश्वास ठेवण्याआधी त्याचा पडताळा घेण्याची सवय त्यातून लागते.

हे आकडे दिसतात कुठे? विंडोजवर टास्क मॅनेजर उघडून 'परफॉर्मन्स' विभागात 'डिस्क' निवडले की व्यग्रतेची टक्केवारी आणि सरासरी प्रतिसाद-काळ मिलिसेकंदांत दिसतो. 'रिसोर्स मॉनिटर' त्याहून तपशीलवार आहे. कोणता कार्यक्रम कोणत्या फाइलसाठी किती थांबला, हेही तो दाखवतो. लिनक्सवर 'आयओस्टॅट' नावाची आज्ञा आहे. तिच्यात 'आर-अवेट' आणि 'डब्ल्यू-अवेट' या स्तंभांत वाचण्याचा आणि लिहिण्याचा सरासरी वेळ मिळतो, रांगेतल्या वेळेसकट. फिरत्या चकतीच्या डिस्कला दहा-वीस मिलिसेकंद हे स्वाभाविक समजावे. आकडा बराच वेळ पन्नासच्या वर राहू लागला तर कारण शोधावे.

व्यग्रतेच्या टक्केवारीबाबत एक सावधगिरी हवी. एकच खिडकी असलेल्या तिकीटघरात 'खिडकी १०० टक्के व्यग्र' याचा अर्थ स्पष्ट आहे. पण आठ खिडक्यांच्या तिकीटघरात एक जरी खिडकी चालू असली तरी 'तिकीटघर व्यग्र' अशी नोंद करत गेलो, तर १०० टक्के भरूनही सात खिडक्या मोकळ्या असू शकतील. फिरत्या चकत्या नसलेल्या, चिपवर माहिती साठवणाऱ्या एसएसडी एकाच वेळी अनेक मागण्या हाताळतात. त्यांच्यासाठी ही टक्केवारी फसवी ठरते. तिथे प्रतिसाद-काळावरच भर द्यावा.

सरासरी फसवते

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. समजा, शंभर मागण्यांपैकी ९९ मागण्यांना प्रत्येकी ५ मिलिसेकंद लागले आणि एकीला २००० मिलिसेकंद, म्हणजे दोन सेकंद. सरासरी काढा: २४९५ भागिले १००, म्हणजे जवळजवळ २५ मिलिसेकंद. पडद्यावर २५ दिसले की सगळे ठीक वाटते. पण २५ मिलिसेकंद एकाही मागणीला लागलेले नाहीत. एका बिलासाठी डिस्कवर शंभर वेळा जावे लागत असेल, तर साधारण प्रत्येक बिलात एकदा दोन सेकंदांचा खोळंबा होणार. कारकुनाची तक्रार खरी आहे आणि पडद्यावरची सरासरीही खरी आहे.

ही गोष्ट वर्कशॉपमधल्या तपासनीसाला शिकवावी लागत नाही. २० मिलिमीटरचा दांडा करायचा आहे. एक निघाला २०.१, दुसरा निघाला १९.९. सरासरी अगदी नेमकी, पण दोन्ही दांडे रद्द. म्हणून वाहन-उद्योगाला भाग पुरवणाऱ्या वर्कशॉपमध्ये सरासरीच्या आलेखाबरोबरच कमाल आणि किमान मापांतल्या फरकाचाही आलेख ठेवतात. वॉल्टर शूहार्ट या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९२४ साली अशा नियंत्रण-आलेखांची कल्पना मांडली. गंमत अशी, की ज्या वर्कशॉपच्या भिंतीवर हे आलेख लावलेले असतात, तिथेच कार्यालयातला संगणक मात्र नुसत्या सरासरीवर जोखला जातो.

सरासरी आणखी एका प्रकारे फसवते. चोवीस तासांची सरासरी घेतली तर रात्रीचे निवांत तास दिवसाच्या गर्दीला झाकून टाकतात. गर्दीच्या वेळी पाच मिनिटे, दर सेकंदाला एक अशी नोंद घेतली तर तीनशे आकडे मिळतात. ते ० ते १०, १० ते २०, २० ते ५० अशा गटांत विभागून स्तंभालेख काढावा. उजवीकडे दूरवर उभे राहिलेले दोन-चार छोटे स्तंभ हीच आपली बातमी. दर सेकंदाचा आकडाही त्या सेकंदातल्या मागण्यांची सरासरीच असतो, हे मात्र विसरू नये. प्रत्येक मागणी मोजून असा स्तंभालेख काढणारी साधनेही लिनक्सवर मिळतात.

गुरुवारचा प्रयोग

असे लांबलेले विलंब येतात कुठून? काही कारणे संगणकाच्या आतली आहेत. मेमरी अपुरी पडली की संगणक तिच्यातला काही भाग डिस्कवर ठेवतो आणि पुन्हा वाचतो. अशा वेळी डिस्क व्यग्र दिसते, पण दुखणे मेमरीचे असते. नकला काढण्याचे किंवा विषाणू शोधण्याचे काम गर्दीच्या वेळी लागलेले असणे हे तर फारच आढळणारे कारण. त्याचा उपाय फुकट आहे: वेळ बदलणे.

एक कारण मात्र औद्योगिक भागातल्या वाचकांनी विशेष लक्षात घ्यावे असे आहे. ते म्हणजे हादरे. शाळेच्या प्रयोगशाळेतला स्क्रू गेज ०.०१ मिलिमीटर मोजतो. आजच्या डिस्कवर शेजारच्या दोन मार्गांमधले अंतर १०० नॅनोमीटरहूनही कमी असते, म्हणजे स्क्रू गेजच्या एका लघुतम मापात शंभराहून अधिक मार्ग मावतात. इतक्या अरुंद मार्गावर हेड धरून ठेवायचे असते. हादऱ्याने ते जरा सरकले तर डिस्क लिहायचे थांबवते, कारण शेजारच्या मार्गावरची माहिती पुसली जाण्याची भीती असते. मग पुढच्या फेऱ्याची वाट पाहायची. एकेका चुकलेल्या संधीला ८.३३ मिलिसेकंद.

२००८ साली सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीतल्या ब्रेंडन ग्रेग यांनी हे गमतीदार रीतीने दाखवले. चालू असलेल्या डिस्कच्या मांडणीजवळ तोंड नेऊन ते मोठ्याने ओरडले, आणि त्याच क्षणी विलंबाच्या आलेखावर उंच ठिपके उमटले. सप्टेंबर २०१६ मध्ये बुखारेस्टला आयएनजी बँकेच्या संगणक केंद्रात अग्निशमन यंत्रणेची चाचणी चालू असताना वायू सुटण्याचा आवाज इतका प्रचंड झाला, की अनेक डिस्क निकामी झाल्या आणि बँकेच्या सेवा सुमारे दहा तास ठप्प राहिल्या. ओरडण्याने एवढे होत असेल, तर पॉवर प्रेसच्या वर, पोटमाळ्यावरच्या कार्यालयात ठेवलेल्या फिरत्या डिस्कचे काय होत असेल याची कल्पना करावी.

कल्पनेवर थांबायचेही कारण नाही. पिंपरी-चिंचवड, भोसरी भागात बहुतेक कारखान्यांना गुरुवारी सुटी असते. बुधवारी प्रेस चालू असताना एक ठरावीक मोठी फाइल दहा वेळा लिहून प्रतिसाद-काळाची नोंद घ्यावी. गुरुवारी, शेजारपाजारची यंत्रेही बंद असताना, तोच संगणक, तीच फाइल, तीच कृती पुन्हा करावी. बदलली ती फक्त एक गोष्ट. दोन दिवसांच्या स्तंभालेखांत स्पष्ट फरक दिसला तर संगणकाखाली जाड रबराची गादी घालावी किंवा तो दुसऱ्या भिंतीला हलवावा, आणि पुढच्या बुधवारी पुन्हा मोजावे. एका वेळी एकच बाब बदलायची, हे विज्ञानाच्या पुस्तकातले सूत्र इथे चार पैसे वाचवते.

उशीर हे लक्षणही असते

डिस्क बिघडायच्या आधी काही वेळा मंदावते. चकतीवरची एखादी जागा क्षीण झाली की तिथली माहिती पहिल्या खेपेला नीट वाचता येत नाही. डिस्क हट्टाने पुन्हा पुन्हा वाचते, प्रत्येक प्रयत्नाला एक पूर्ण फेरा. शेवटी माहिती मिळते. वापरणाऱ्याला चूक झाल्याची सूचना येत नाही, एखादी फाइल उघडायला फक्त उशीर होतो. प्रेस बंद आहे, रांग नाही, तरीही त्याच फाइलला दर वेळी सेकंद-दोन सेकंद लागतात, असे दिसले की सावध व्हावे. डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवते. तिला 'स्मार्ट' नोंद म्हणतात. तिच्यात बदलून टाकलेल्या खराब जागांची संख्या पाहावी.

२००७ साली गूगलमधील पिनेरो, वेबर आणि बारोसो यांनी एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. पृष्ठभाग तपासताना पहिली चूक आढळल्यावर पुढच्या साठ दिवसांत डिस्क निकामी होण्याची शक्यता, चूक नसलेल्या डिस्कच्या ३९ पट आढळली. पण त्याच अभ्यासाचा दुसरा निष्कर्षही तितकाच मोलाचा आहे. निकामी झालेल्या डिस्कपैकी निम्म्याहून अधिक डिस्कमध्ये चार प्रमुख लक्षणांपैकी एकही आधी दिसले नव्हते. म्हणून लक्षण दिसले तर लगेच नक्कल काढावी, आणि लक्षण नसले तरी नियमित नक्कल काढावी. वर्कशॉपचा दहा वर्षांचा हिशेब, रेखाचित्रे, कामगारांच्या भविष्यनिर्वाह निधीच्या नोंदी एका चकतीवर सोडून देण्याइतका भरवसा तिच्यावर टाकता येत नाही.

एसएसडी आल्या, मग?

एसएसडीमध्ये हात नाही, चकती नाही. विखुरलेला तुकडा वाचायला दशांश मिलिसेकंद किंवा त्याहूनही कमी वेळ लागतो, आणि हादऱ्यांची चिंता जवळजवळ उरत नाही. बिलासाठी वापरायच्या संगणकात जुनी डिस्क काढून एसएसडी बसवणे हा बहुधा चांगला खर्च ठरतो. पण तिचेही विलंब आहेत. तिच्यात लिहिलेल्या जागेवर थेट दुसरे लिहिता येत नाही. आधी मोठा गट पुसावा लागतो. ही आवरासावर ती मधूनमधून करते आणि त्या वेळी एखादी मागणी बरीच रेंगाळते. एसएसडी पूर्ण भरत आली की हे वाढते. शिवाय कॅमेऱ्याचे चित्रण, जुन्या नकला, मोठे साठे यांसाठी फिरत्या चकत्या आजही वापरात आहेत. आणि रांगेचा नियम तर दोन्हींना सारखाच लागू आहे.

वर्गासाठी

शाळेच्या संगणक-कक्षात पुढील प्रयोग करता येईल. एक गिगाबाइटची एकच फाइल, आणि तेवढ्याच एकूण आकाराच्या दहा हजार लहान फायली, अशा दोन गोष्टी तयार ठेवा. संगणक बंद करून पुन्हा सुरू करा, म्हणजे मेमरीत राहिलेल्या नकलांचा परिणाम होणार नाही. आधी एकाची नक्कल काढा, मग पुन्हा बंद-चालू करून दुसऱ्याची. एका विद्यार्थ्याने एकूण वेळ मोजावा, दुसऱ्याने दर पाच सेकंदांनी प्रतिसाद-काळ टिपावा. फिरती डिस्क आणि एसएसडी असे दोन्ही प्रकारचे संगणक असतील तर तुलना अधिक रंगतदार होईल. टिपलेल्या आकड्यांची सरासरी, मध्यक आणि कमाल किंमत, तिन्ही काढायला सांगा. मध्यक आणि कमाल किंमत यांत सर्वांत मोठी तफावत कोणत्या संगणकावर आली, आणि त्या वेळी त्याच्यावर आणखी काय चालू होते, ते विद्यार्थ्यांनी शोधून काढावे.